जवानाच्या मौनामागचा हिशेब

शत्रूशी लढताना जखमी झालेल्या जवानाला पराक्रम पदक मिळते. मनाने घायाळ झालेल्याच्या वाट्याला मात्र वैद्यकीय शेरा येतो. सेनादलांच्या ‘शेप’ या वैद्यकीय वर्गवारीतील पहिले अक्षर मानसिक स्वास्थ्याचे. तेथे श्रेणी उतरली की बढतीची वाट बिकट होते. म्हणूनच समुपदेशक नेमले तरी जवान त्यांच्यापाशी मन मोकळे करण्यास कचरतो. त्याच्या मौनामागे रोकडा हिशेब असतो.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने हा हिशेब अधिकच कठोर केला. चार वर्षांअखेर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर सेवेत कायम व्हावयाचे, अशी ती योजना. अशा चढाओढीत निद्रानाशाची कबुली कोण देईल? उरलेल्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचा आधारही नाही.

शस्त्रधारी माणसाची मनःस्थिती अधिकाऱ्याला ठाऊक असावी, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु नुकसानीचे भय असेल तेथे खरी माहिती मिळत नाही. उपचारकाळात शस्त्र अवश्य काढून घ्यावे. बऱ्या झालेल्याची बढती मात्र अडवू नये, आणि सेवामुक्त अग्निवीराच्या मानसोपचाराचा भार सरकारने उचलावा. मौनच किफायतशीर ठरत राहिले, तर समुपदेशकासमोरची खुर्ची रिकामीच राहील.