सोन्याचे रताळे, शासनाचे औदासीन्य

तुरीचा भाव ढळला की दुधनीच्या बाजारात खळबळ उडते; रताळ्याची आठवण मात्र आम्हांस एकादशी-महाशिवरात्रीलाच होते. वस्तुतः हा कंद केवळ उपासाचा नव्हे. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेने २०१७ साली पुढे आणलेल्या नारिंगी गराच्या ‘भू सोना’ वाणात शंभर ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असते; प्रचलित वाणांत ते अवघे दोन-तीन मिलिग्रॅम. त्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते, आणि या जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावी बालकांची दृष्टी जाऊ शकते. आफ्रिकेत अशा रताळ्यांचा प्रसार करणाऱ्यांना २०१६ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले.

मग आमच्याकडे घोडे अडते कोठे? रताळे वेलाच्या तुकड्यांपासून लावतात. एकदा आणलेले बेणे शेतकरी स्वतःच वाढवतो. मग बियाणे-व्यापाऱ्यास त्यात लाभ काय? जेथे नफा नाही, तेथे शासनानेच पुढे व्हावयास हवे. दुधनी परिसरातील निचऱ्याच्या जमिनीत कृषी खात्याने या वाणाची चाचणी घ्यावी. ते उतरल्यास निरोगी वेल शेतकऱ्यांना द्यावेत आणि अंगणवाड्यांनी माल विकत घ्यावा. बालकांच्या ताटात न पडणारे सोने काय कामाचे?