कालव्याखालची जमीन

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत हडपसर मागं पडलं की मी खिडकी सोडत नाही. मांजरी, लोणी, उरुळी, यवत. उसाचे फड, कांद्याचे वाफे, केडगावच्या बाजूला गुऱ्हाळांची धुराडी आणि चुलवाणासाठी वाळत पसरलेली चिपाडं. याच पट्ट्यात अधूनमधून एखादं शेत बांधासकट नाहीसं झालेलं दिसतं. त्या जागी मुरुमाचा रस्ता, खुणेचे दगड, कमानीवर ‘एन. ए. प्लॉट’चा फलक. हळहळ बोलून दाखवली की उत्तर तयार असतं: तुमच्या डोळ्यांना हिरवं दिसावं म्हणून शेतकऱ्यानं किती झिजायचं?

प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, ती 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आली. एवढ्याशा रानावर शिक्षण, लग्न, दवाखाना निभत नाही. जोतीराव फुल्यांची याच मांजरीत शेती होती. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी मांडलेली शेतकऱ्याची लूट वाचल्यावर शेताच्या नुसत्या देखणेपणावर बोलायला जीभ रेटत नाही. तेव्हा डोळ्यांच्या सुखाचा मुद्दा मी सोडून देतो.

पण शेतकरी पिचला आहे म्हणून जमीन बुजवा, हा कुठला न्याय? तो राजीखुशीनं विकतो, असं म्हणतात. तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या, ओढा बुजला, चारीचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचेना, मजूर मिळेना, मग सही केली. ही राजीखुशी नव्हे. मगरपट्ट्याचा दाखला मात्र वजनदार आहे. तिथं सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र केली, ती बिल्डरला न विकता स्वतःच नगर वसवलं आणि त्यात भागधारक झाले. पैसा कुणाच्या घरात जावा, याचं ते उत्तम उत्तर आहे. पण तिथली माती कायमची काँक्रीटखाली गेली, त्याचं उत्तर त्यात नाही.

‘शेती पुढं सरकेल’ हे तर निव्वळ अज्ञान. पुढं म्हणजे कुठं? खडकवासल्याचं धरण 1870 च्या दशकात बांधलं गेलं. त्याच्या कालव्यावर हा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या भिजत आला. काळी माती बेसाल्ट झिजून बनते, तिचा एक थर साठायला शतकं लागतात. कोरडवाहू माळावर ना ही माती नेता येते, ना हा कालवा. द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीत आहेत. ज्या पिकांचा तिथं अभ्यास चालतो, त्यांच्यासाठी आसपास जमीनच उरू नये, हे मला भयंकर वाटतं.

घरं हवीतच, पण ती माळरानावर बांधावीत. आपल्या गावगाड्यात वस्ती पांढरीवर आणि पीक काळीत, हा दंडक होता. तोच शहराच्या विकास आराखड्यात यावा: कालव्याच्या लाभक्षेत्रातली बागायत निवासी पट्ट्यात टाकू नये. त्याची किंमत एकट्या शेतकऱ्यानं मोजू नये. रस्त्यासाठी जमीन दिली तर टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळतो. शहराच्या वेशीवर जमीन पिकाखाली राखणाऱ्यालाही तो मिळावा आणि माळावरच्या बांधकामासाठी विकता यावा. तरच शेती राखा असं सांगण्याचा अधिकार आपल्याला पोचतो.

मांजरी बुद्रुक 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली. विकास आराखड्यात जमीन एकदा निवासी ठरली की स्वतंत्र बिगरशेती परवानगीचीही गरज उरत नाही. म्हणजे खरा निकाल आराखड्यातच लागतो. आपल्या भागाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत दिलेली असते. सातबारा नावावर नसला तरी हरकत देता येते. नकाशा उघडून कालव्याखालचे गट शोधा आणि मुदत संपायच्या आत लेखी हरकत द्या.