वस्तादाला पगार कोण देणार?

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मी मोल्डिंगला आहे. फर्स्ट शिफ्ट सुटली की हातपाय धुतो, पण नखांतली काळी वाळू काही निघत नाही. तसाच गावच्या तालमीत तांबड्या मातीत उतरतो. पंधरा-वीस पोरं लंगोट लावून थांबलेली असतात.

परवा एक पोरगं पट काढायला घुसताना सारखी मान खाली घालत होतं. सांगून ऐकेना, तेव्हा मीच समोर उभा राहिलो. मान पडली की कपाळाला तळवा लावून वर उचलायची, पुन्हा घुसायला लावायचं. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. शेवटी एकदा मान वर ठेवून आलं आणि मला अलगद उचललं त्यानं!

पैलवान गणपतराव आंदळकरांचं नाव निघालं की लोक १९६० ची हिंदकेसरीची गदा सांगतात. १९६२ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य, १९६४ ला टोकियो ऑलिंपिक आणि अर्जुन पुरस्कार. हे मोठंच आहे. पण माझ्या मते त्यांचं त्याहून मोठं काम मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून पोरं घडवण्याचं. स्वतःची लढत थांबली, तरी २०१८ ला जाईपर्यंत कुस्ती काही त्यांच्यातनं गेली नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दादू चौगुलेंनी १९७४ ला ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं.

वस्तादाची आठवण सरकारलाही उशिराच झाली. खेळाडूंचा अर्जुन पुरस्कार १९६१ चा, गुरूंचा द्रोणाचार्य १९८५ चा. पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते. पण पुरस्कार मिळणार किती जणांना? गावोगावच्या वस्तादाला महिन्याचा पगार हवा.

जत्रेच्या मैदानात पहिल्या नंबरच्या कुस्तीला इनाम लावायला आपले उद्योजक कधी मागं सरत नाहीत. त्यांनी एकेक तालीम वाटून घ्यावी आणि तिथल्या वस्तादाला दरमहा मानधन द्यावं. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, तसा पैलवानांचा खुराकही सांभाळला होता.

माझे वस्ताद रात्रभर वॉचमनची ड्यूटी करून पहाटे पाचला तालमीचं कुलूप काढायचे. शेवटच्या आजारात त्यांच्या औषधांसाठी आम्ही पोरांनी वर्गणी काढली. ती वही अजून माझ्याकडं आहे. पहिल्या पानावर वीस-वीस रुपयांच्या नोंदी आहेत.