असल प्रतीचा हट्ट आणि बाखच्या ध्वनिमुद्रिका

बाख, विवाल्दी, कोरेल्ली ऐकायचे तर त्यांच्या काळच्या वाद्यांवर वाजवलेलेच ऐकावेत. पियानोवरचा बाख आणि मोठ्या वाद्यवृंदाचा विवाल्दी म्हणजे भेसळ, असे मत आपल्याकडच्या पाश्चात्त्य संगीताच्या जाणकारांत आता जवळजवळ सिद्धांताच्या पदाला पोचले आहे. युरोपात साधारणपणे १६०० ते १७५० या काळात रचल्या गेलेल्या, 'बरोक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताबद्दल हे चालले आहे. आम्हांला हे मत मान्य नाही. आम्ही मराठीचे अध्यापक. संगीतशास्त्रातला अधिकार सांगत नाही. पण 'असल प्रत' या कल्पनेशी आमचा रोजचा संबंध येतो, आणि ती कल्पना माणसाला कुठवर नेते हे आम्ही आमच्या विषयात पुरेसे पाहिले आहे.

निवडीचा हा प्रश्न मुळात अलीकडचा. नगरसारख्या गावात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) या संगीताची ध्वनिफीत हाती येणे हीच एके काळी अपूर्वाई होती. पुण्याला कामासाठी गेलेल्या कुणाकरवी, नाहीतर मुंबईच्या काळा घोड्याजवळच्या 'ऱ्हिदम हाऊस'मधून जी मिळेल ती कॅसेट यायची. वाद्य कोणते, तारा कसल्या, हे विचारण्याची चैन परवडत नसे. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले. आज भ्रमणध्वनीवर 'फोर सीझन्स' एवढी अक्षरे उमटवली की शेकडो वादनांची रांग लागते. अकोले किंवा पाथर्डी तालुक्यातून आलेला, हरिपाठ आणि ढोलकी ऐकत वाढलेला आमचा विद्यार्थी कुतूहलाने तिथे जातो आणि त्या गर्दीपुढे थबकतो. त्याला यादी हवी असते. यादी करणाऱ्याच्या हाती त्यामुळे मोठी सत्ता आली आहे. 'हे असल, ते नकली' असे पहिल्याच दिवशी सांगितले की तो पोर ऐकण्याआधी वेष्टन वाचायला शिकतो. आमचे भांडण आहे ते इथे.

जुन्या वाद्यांच्या चळवळीने काही दिलेच नाही, असे आमचे म्हणणे नाही. निकोलाउस हार्नोनकूर यांनी १९५३ मध्ये व्हिएन्नात आपला वादकसंच उभा केला, नेदरलँड्समध्ये गुस्ताव लिओनहार्ट यांनी हार्प्सिकॉर्डवर तेच काम केले, आणि दोनशे वर्षांची पुटे खरवडली गेली. पोलादी तारेच्या जागी आतड्याची तार आली, म्हणजे आपल्या सारंगीला असते ती तात. धनुकली हलकी झाली, वादक कमी झाले, आणि ज्या रचना मुळात नाचाच्या होत्या त्यांतला नाच पुन्हा जाणवू लागला. आमच्या कानांना तर यातली एक गोष्ट विशेष भावली. विसाव्या शतकातले पुष्कळसे व्हायोलिनवादक प्रत्येक स्वर अखंड कापरा ठेवतात. आंदोलन कुठे द्यायचे आणि स्वर कुठे स्थिर उभा करायचा याचा विवेक शिकलेल्या आपल्या श्रोत्याला ते थोडे अगोचरच वाटते. नव्या मंडळींनी तो कंप आवरला. त्याबद्दल त्यांचे ऋण मोठे आहे.

परंतु 'असे वाजवल्यावर रचना उलगडते' आणि 'हेच असल आहे' ही विधाने एक नव्हेत. १९८० च्या आसपासच्या कित्येक वेष्टनांवर 'ऑथेन्टिक' हा शब्द शिक्क्यासारखा छापलेला असे. त्या शिक्क्यामागचा पुरावा तपासावा तर मौज वाटते. ही मंडळी सामान्यतः ४१५ कंपनांचा 'ए' धरून वाद्ये लावतात. आजच्या ४४० च्या अर्धा स्वर खाली. पण त्या काळी पट्टी गावोगाव वेगळी होती. चर्चच्या ऑर्गनची एक, दरबारी वादकांची दुसरी. ४१५ हा आकडा मुख्यतः सोयीचा म्हणून रूढ झाला. त्यात गैर काही नाही, मात्र सोयीला इतिहासाचे प्रमाणपत्र देऊ नये. अमेरिकन संगीतेतिहासकार रिचर्ड टारुस्किन यांनी १९८० च्या दशकातच बजावले होते की, जुने म्हणून जे ऐकवले जाते ती हलकी, वेगवान, भावविवशता टाळणारी शैली म्हणजे विसाव्या शतकाचीच अभिरुची आहे. त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. त्यांचा मूळ मुद्दा मात्र कुणी फारसा हलवू शकले नाही.

आणि लिखित स्वरलेखन तरी काय सांगते? त्या काळच्या स्वरलेखनात खर्जाची ओळ आणि तिच्यावर आकडे असत. त्या आकड्यांवरून स्वरसमूह भरायचे काम हार्प्सिकॉर्डवादकाने जागच्या जागी करायचे. कोरेल्लीच्या १७०० सालच्या व्हायोलिन-सोनाटांतले विलंबित भाग कागदावर अगदी उघडेबोडके दिसतात. १७१० मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एतिएन रोजे या प्रकाशकाने त्याच भागांची आवृत्ती 'खुद्द कोरेल्ली वाजवतो त्या अलंकारांसह' म्हणून काढली, आणि त्या साध्या स्वरांच्या भोवती ताना-मुरक्यांचे जाळे पसरलेले लोकांना दिसले. भातखंड्यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'तली बंदिश आहे तशी वाचून दाखवणाऱ्याला आपण गवई म्हणत नाही. मग कोरेल्लीचे कागदावरचे स्वर तेवढे निष्ठेने वाजवणाऱ्याला, त्याच्या व्हायोलिनला तात आहे एवढ्याच कारणाने, प्रमाण का मानावे?

बाखच्या एकल चेलोसाठीच्या सहा सूटचे उदाहरण तर आमच्या घरचेच वाटते. त्यांची बाखच्या हातची प्रत उपलब्ध नाही. पत्नी आना माग्दालेनाने केलेली नक्कल आहे, योहान पेटर केलनर या ऑर्गनवादकाची आहे, शिवाय अठराव्या शतकातल्याच आणखी दोन हस्तलिखित नकला आहेत. एका धनुकलीत किती स्वर बांधायचे याच्या खुणा त्यांत जुळत नाहीत. एकाच नकलेत त्या कुठून सुरू होऊन कुठे संपतात हेही अनेकदा कळत नाही. म्हणजे पाठभेद! ज्ञानेश्वरी ज्या नेवाशात सांगितली गेली ते आमच्या जिल्ह्यात. ती शके १२१२ची, म्हणजे १२९० ची. तिच्या प्रतींत शिरलेले अपपाठ पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, ती शुद्ध केली. पुढे राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि तिच्या अस्सलपणावर विद्वानांत दीर्घ वाद झाला. तो वाद आवश्यकच होता. पण तो मिटेपर्यंत वारकऱ्यांनी पारायण थांबवले नाही, आणि एकनाथांचा पाठ वाचणारा नकली ज्ञानेश्वरी वाचतो असेही कुणी म्हटले नाही. पाठचिकित्सा वाचकाला प्रश्न देते. वाचनाचा परवाना देणे हे तिचे काम नव्हे.

परवान्याची भाषा सुरू झाली की काय होते, त्याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली. पेटी परदेशी, तिला मींड नाही, तिचे बारा स्वर ठोकळेबाज, आपल्या श्रुती तिच्यात बसत नाहीत, असे आक्षेप होते. लायनेल फील्डन हे तेव्हा आकाशवाणीचे प्रमुख. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध आधीच लिहिले होते. हिंदी संगीताच्या शुद्धतेची चिंता साहेबाने वाहावी यातला विनोद सोडून देऊ. आक्षेप खोटे नव्हते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स यांनी श्रुतींची वेगळी पेटी करून पाहिली होती ती याच अडचणीमुळे. पण ज्या प्रांतात गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवादक होऊन गेला, ज्याचे नाट्यसंगीत ऑर्गन आणि पेटीच्या आधारावर उभे राहिले, त्या प्रांताच्या रेडिओवर तीन दशके पेटी वाजली नाही. १९७१ मध्ये बंदी अंशतः उठली, तीही साथीपुरती. दरम्यान मैफलींत पेटी चालूच होती. वसंतराव देशपांड्यांच्या मागे गोविंदराव पटवर्धन, भीमसेन जोशींच्या मागे अप्पा जळगावकर यांची साथ ज्यांनी ऐकली त्यांना श्रुतींचा हिशेब करावासा वाटला नाही. तत्त्व बरोबर असून निर्णय कसा चुकतो याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. 'पियानोवरचा बाख बाद' म्हणणाऱ्यांनी ते एकदा आठवून पाहावे.

मग निवडायचे कशावरून? बाखने २४ मार्च १७२१ रोजी ब्रांडेनबुर्गच्या सरदाराला अर्पण केलेल्या सहा कोन्चेर्तोंपैकी तिसरा घ्या. पहिला आणि शेवटचा भाग भरगच्च. मध्ये मात्र बाखने फक्त दोन स्वरसमूह लिहिले आहेत. तिथे वादकाने काय करायचे? कुणी तेवढेच दोन वाजवून पुढे जातो, कुणी व्हायोलिनची छोटी स्वैर फेक करतो, कुणी बाखच्याच दुसऱ्या रचनेतला भाग आणून बसवतो. नवख्या श्रोत्याने ही जागा ऐकावी. तिथे वादकाने विचार केला आहे की केवळ वेळ निभावून नेली आहे, हे तात आणि पोलाद न ओळखणाऱ्यालाही कळते. आमच्या मते आडोल्फ बुश यांच्या संचाने १९३५ मध्ये केलेली या सहांची ध्वनिमुद्रिका आजही पहिल्या रांगेतली आहे, आणि तिच्यात हार्प्सिकॉर्डच्या जागी चक्क पियानो आहे, रुडॉल्फ सेर्किन यांच्या हातचा. प्रत्येक ओळ कुठून येते आणि कुठे जाते ते त्यात ऐकू येते. हार्नोनकूर यांची १९६४ ची ध्वनिमुद्रिका तिच्या शेजारी ठेवावी. तिचा खडबडीत, लाकडी नाद दुसऱ्याच कारणाने मोलाचा आहे. कार्ल रिश्टर यांची १९६७ ची आधुनिक वाद्यांवरची ध्वनिमुद्रिका आम्हांला थोडी लष्करी वाटते. तिथे दोष वाद्यांचा नाही, लयीचा आहे.

विवाल्दीच्या बाबतीत आमचा कौल उलट जातो. १७२५ साली छापलेल्या त्या चार ऋतूंना सुनीते जोडलेली आहेत आणि 'वसंता'च्या दुसऱ्या भागात गुराखी झोपलेला असताना व्हायोला भुंकणाऱ्या कुत्र्याचे काम करतो. 'इ मुझिची'च्या १९५० च्या दशकातल्या सुरेल ध्वनिमुद्रिकांत तो कुत्रा फार सभ्य आहे. इटलीच्याच 'इल जार्दिनो आर्मोनिको' या जुनी वाद्ये वाजवणाऱ्या संचाच्या १९९० च्या दशकातल्या वादनात तो खरोखर भुंकतो आणि 'हिवाळ्या'त दात वाजतात. इथे जुनी वाद्ये उपयोगी पडली, कारण वादकांनी त्यांच्याकडून सुनीतातला अर्थ काढून घेतला.

उलट बाजूच्या आळशीपणालाही आमचा पाठिंबा नाही. 'मन शांत करणारे बरोक' अशा नावाचे जे संग्रह मिळतात, त्यांत 'आल्बिनोनीचा आदाज्यो' हमखास असतो. ती रचना रेमो जिआझोत्तो या इटालियन अभ्यासकाने १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात आल्बिनोनीचे काही असलेच तर नावापुरते. असा संग्रह घेऊ नये. ती रचना नकली आहे म्हणून नव्हे. तो संग्रह ऐकण्यासाठी केलेलाच नसतो म्हणून.

राहता राहिला १७४१ साली छापलेल्या, दोन पट्ट्यांच्या हार्प्सिकॉर्डसाठी लिहिलेल्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सचा प्रश्न. वांदा लान्दोव्स्का यांनी ती १९३३ मध्ये हार्प्सिकॉर्डवर ध्वनिमुद्रित केली तेव्हा तीच असल ठरली. त्यांचे प्लेएल कंपनीचे वाद्य लोखंडी चौकटीचे, विसाव्या शतकात घडवलेले. आजचे शुद्धतावादी त्याला हार्प्सिकॉर्ड म्हणायलाही कचरतात. चाळीसएक वर्षांत असल नकली झाले, आणि लान्दोव्स्कांचे वादन आहे तिथेच आहे. ग्लेन गुल्ड यांनी तीच रचना पियानोवर दोनदा ध्वनिमुद्रित केली. १९५५ ची सुमारे ३८ मिनिटांची, १९८१ ची सुमारे ५१ मिनिटांची. वादक तोच, वाद्य पियानोच, आणि आरंभीची आरिया ऐकताच दोन वेगळी माणसे वाजवताहेत असे वाटावे. असल-नकलीच्या तराजूत दोन्ही सारखीच हलकी भरतात. मग त्यांतली कोणती घ्यावी हे आमच्या विद्यार्थ्याने विचारले, तर तो तराजू हाती घेऊन काय उत्तर द्यायचे, तेवढे यादीकारांनी आम्हांला सांगावे.