स्टिअरिंग आपलं, गाडी कुणाची?

ओझं वाहणं आपल्याला नवं नाही. गावाचा सारा तालुक्याच्या कचेरीत पोचवायला महार. मयताची वर्दी परगावी न्यायला महार. साहेबाची ट्रंक पुढच्या मुक्कामाला न्यायला महारच. वाहतुकीचा धंदा आपल्या आज्या-पणज्यांनी उभा जन्म केला आणि भाडं काय मिळालं तर शिळा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, त्यांच्या पश्चात. तेव्हा कुणी मला 'ट्रान्सपोर्टचा धंदा आपल्या लोकांना जमंल का' म्हणून विचारलं की हसू येतं. जमायचं काय त्यात? फुकट करत होतो, आता पैसे घेऊन करायचंय.

आणि पोरं करायला लागलीत. सोलापूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, बापाच्या हातातलं काम गेलं, पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर चढला, पाच-सात वर्षांत ड्रायव्हर झाला. आता न्यू बुधवार पेठेतली, कुमठा नाक्यावरची पोरं येऊन सांगतात, "दादा, गाडी घ्यायलोय. स्वतःची." आनंद होतो. पण विचारावंसं वाटतं : स्वतःची म्हणजे कुणाची बे? आपल्या सोलापुरात 'मालक' हा शब्द लई स्वस्त आहे. चहावाला गिऱ्हाईकाला मालक म्हणतो, रिक्षावाला पॅसेंजरला मालक म्हणतो. फायनान्सवालासुद्धा सही घेईपर्यंत मालकच म्हणतो.

बाबासाहेबांच्या आयुष्यातले दोन प्रवास ह्या पोरांनी ध्यानात ठेवावेत. पहिला १९०१ चा. मसूर स्टेशनवरून गोरेगावला निघालेला लहानगा भीमराव आणि बरोबरची पोरं. जात कळल्यावर गाडीवान बसवून न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं कबूल केलं, आणि बैल पोरांनीच हाकायचे, गाडीवान बाजूनं पायी चालणार, असं ठरलं. दुसरा १९२९ चा, चाळीसगावचा. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर. टांगेवाल्यांनी महाराला बसवून टांगा हाकायला नकार दिला. वस्तीच्या लोकांनी टांगा भाड्यानं घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक बसवला. त्यानं जन्मात टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक दगडांत अडकलं, बाबासाहेब फेकले गेले, पायाचं हाड मोडलं.

चाळीसगावची गोष्ट आपण टांगेवाल्यांना शिव्या देण्यापुरतीच सांगतो. शिव्या द्याच. पण लगाम हातात आला तरी हाकता येत नसेल तर काय होतं, तेही त्यात आहे. म्हणून पहिलं सांगणं : आधी दुसऱ्याच्या गाडीवर दोन-चार वर्षं काढा. टायर कुठं मरतो, पाटा कधी तुटतो, रिसोल टायर किती दिवस ओढायचा, कांदा भरल्यावर ताडपत्री कशी बांधायची, हे शोरूममध्ये कुणी शिकवत नाही.

कागदांचंही तसंच. २००७ पासून २०१९ पर्यंत मालगाडीचं लायसन काढायला आठवी पासचा दाखला लागायचा. सहावीत शाळा सुटलेलं पोरगं दहाचाकी घाटातून उतरवायचं, पण कागदावर ड्रायव्हर नसायचं. मालकाला तेच हवं होतं. बिनकागदाचा माणूस पगार वाढवून मागत नाही. ती अट २०१९ साली गेली. ज्यांनी त्या पायी लायसन काढलं नव्हतं त्यांनी आता काढावं. एकदम दहाचाकीवर उडी मारायची गरज नाही. एकूण वजन तीन हजार किलोच्या आतल्या मालगाडीला परमिटच लागत नाही. छोटा हत्ती त्यातच येतो. साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी लाईटच्या लायसनवर चालते, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावर शिक्का मारलाय. मार्केट यार्ड ते एमआयडीसी मारत दोन वर्षं काढली तर गिऱ्हाईक ओळखीचं होतं आणि हप्त्याचा घासही छोटा असतो.

आता पैसा. सरकारनं आपल्यासाठी दारं उघडली आहेत म्हणतात. मोजून बघू. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ सालचं, अण्णाभाऊ साठ्यांच्या नावाचं १९८५ चं. दुसऱ्याचं काय झालं ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको : त्या महामंडळाचा अध्यक्ष राहिलेला, मोहोळचा तेव्हाचा आमदार, २०१५ साली कोट्यवधींच्या अपहाराच्या आरोपाखाली आत गेला. कोर्टाचं कोर्ट बघेल. पण मातंगाच्या पोराची फाईल टेबलावर धूळ खात राहिली, तिचा खटला कुठल्या कोर्टात चालतो? एप्रिल २०१६ मध्ये 'स्टँड अप इंडिया' आली. प्रत्येक बँक शाखेनं किमान एका दलित वा आदिवासी माणसाला आणि एका बाईला १० लाख ते १ कोटी कर्ज द्यायचं. मार्च २०२५ ला मुदत संपली. मी स्वतः एका पोराबरोबर एका बँकेत गेलो होतो. साहेब गोड बोलला, पंख्याखाली बसवलं, चहा पाजला, मग म्हणाला, "तारण काय देताय?" तारण असतं तर तुमचा चहा प्यायला आलो असतो का? योजनेत तारणाच्या जागी सरकारी हमीची सोय होती, पण निवड बँकेच्या हातात ठेवलेली.

बँकेनं परत पाठवलेला पोरगा फायनान्सवाल्याच्या दारात जातो. तिथं चहा नाही, पण काम एका दिवसात. आणि तिथंच कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतात. नीट ऐका : फॉर्म २९ आणि ३० म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे कागद. त्यांवर कोरी सही म्हणजे गाडी घेतल्या दिवशीच विकल्याची सही. देऊ नका. हप्ता थकला म्हणून रस्त्यात चार दांडगे आडवे आले, तर सुप्रीम कोर्टानं २००७ साली प्रकाश कौर खटल्यात गुंडांकरवी गाडी ओढू नका, कायद्यानं वसुली करा, असं बजावलंय, हे पाठ ठेवा. कर्ज फिटल्यावर फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. बोजा उतरवायचा राहिला की विकताना पुन्हा त्याच दारात पाय घासावे लागतात.

हिशेब तोंडी करू नका. सोलापूर-हैदराबाद जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर धरा. दहाचाकी लिटरला चार धरा. दीडशे लिटर डिझेल. नव्वदच्या भावानं साडेतेरा हजार. टोल वेगळा, वाराई वेगळी, दलालाचं कमिशन वेगळं, टायरची झीज वेगळी, आणि त्यावर हप्ता. जाताना कांद्याचं भाडं मिळालं आणि येताना गाडी रिकामी आली तर खेळ तिथंच संपला. म्हणजे सगळा धंदा परतीच्या भाड्यात आहे. आणि परतीचं भाडं कुणाच्या हातात? ट्रान्सपोर्टच्या काचेमागं बसलेल्याच्या.

तो पहिलं विचारतो : "नाव काय? पूर्ण सांग." गाडीचा नंबर नंतर. मागच्या फाळक्यावर 'जय भीम' लिहिलेली आमच्यातल्या एकाची गाडी तीन दिवस एका आड्ड्यावर उभी होती. मागून आलेल्या भरून गेल्या. कुणी जातीचं नाव काढलं नाही, शिवी दिली नाही. फक्त नंबर लागला नाही. पाटी पुसू का, म्हणून त्यानं मला विचारलं. मी नको म्हणालो. पण हप्ता त्याचा आहे, माझा नाही, हेही मला ठाऊक आहे. आणि नंबर लागला तरी वर फर्मान : "दोन टन जादा टाक." २०१८ साली दहाचाकीचं एकूण वजन २५ टनांवरून साडेअठ्ठावीस केलं, तरी ह्यांचं पोट भरत नाही. पकडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनं दंड २० हजार आणि जादा टनाला दोन हजार वर. त्या वेळी ट्रान्सपोर्टवाला फोन उचलत नाही.

आता ज्यासाठी हे संपादकीय लिहायला घेतलं ते. पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. टँकर-वाहतुकीच्या निविदांत अनुसूचित जाती-जमातींसाठी वाटा राखीव असतो. झगडून मिळालेला वाटा आहे तो. आणि तो कसा खाल्ला जातो? गबर ट्रान्सपोर्टवाला वस्तीत येतो. जातीचा दाखला असलेलं, जरा कर्जात बुडालेलं पोरगं हेरतो. "टँकर तुझ्या नावावर. डाऊन पेमेंट मी भरतो, हप्ता मी भरतो, तुला महिन्याला बसल्या जागी पैसे." पोरगं खूश. घरात पेढे. कागदावर मालक, आणि कधी कधी त्याच टँकरवर पगारी ड्रायव्हर. बँकेचं पासबुक, एटीएम, सही केलेली चेकबुकं सगळी शेठकडं.

पोरांनो, हे नवं वतन आहे. पूर्वी जात बघून वेठ लावायचे, आता जातीचा दाखला बघून. फरक एवढाच की आता अंगठ्याऐवजी सही घेतात. आणि ती सही कुठवर नेते ते बघा. मोटार कायद्यात मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो. गाडी परस्पर विकली तरी नोंदणी बदलली नसेल तर अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकावर येते, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ साली नवीनकुमार खटल्यात स्पष्ट केलंय. म्हणजे त्या टँकरखाली उद्या माणूस गेला आणि शेठनं विमा भरलेला नसला, तर नोटीस शेठच्या बंगल्यावर जाणार नाही. पत्र्याच्या घरावर येईल. महिन्याच्या चार पैशांत तुम्ही काय विकलं ते त्या दिवशी कळेल, आणि ज्या दलित पोरानं खरा टँकर लावला असता त्याचा नंबरही तुम्ही खाल्लेला असेल.

काही डावे मित्र मला म्हणतात, तुम्ही चळवळीच्या मासिकात पोरांना छोटे भांडवलदार व्हायला शिकवताय. जोतीराव फुले बांधकामाचे कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामात होते. त्यांचं काय करायचं मग? स्वतःच्या गाडीचं स्टिअरिंग स्वतः धरणारा माणूस कुणाचं रक्त पीत नाही. पण मित्रांचा एक आक्षेप मला खोडता येत नाही, तो क्लीनरचा. आपल्यातल्याच एका नव्या मालकानं बहिणीचं पंधरा वर्षांचं पोर गाडीवर घेतलं. पगार नाही, 'शिकतंय' म्हणून. रात्री गाडीखाली झोपवतो. ह्याला काय म्हणायचं? काचेमागच्या माणसापेक्षा तो वेगळा कशानं? आम्ही त्याला तोंडावर बोललो. तो रागावला आहे, वर्गणीही बंद केली. असू दे.

एकटी गाडी काचेपुढं उभीच राहणार. पाच-सात जणांनी मिळून स्वतःचं बुकिंग काढलं तर काचेमागं आपलाच माणूस बसेल. माल बुक करून बिल्टी फाडायची तर २००७ च्या वाहतूक कायद्याखाली 'कॉमन कॅरियर' म्हणून नोंदणी लागते. ती करता येते. यार्डातला एक आडत्या आणि चादरीचे दोन कारखानदार माल द्यायला तयार आहेत. उपकार म्हणून नव्हे. गाडी वेळेवर पोचते म्हणून.

तोवर एक काम सुरू केलंय. कचेरीत एक वही ठेवली आहे. कुठल्या ट्रान्सपोर्टनं पोच पावती दिल्यावरही बाकी किती दिवस अडकवली, कुठल्या आड्ड्यावर नंबर डावलला, ते तारखेसह, बिल्टीच्या नंबरासह तिच्यात लिहायचं. ऐकीव लिहायचं नाही. येताना बिल्टी आणि पोचेची झेरॉक्स आणा. आणि ज्यांच्या नावावर शेठचा टँकर आहे त्यांनीही या. रात्री उशिरा या हवं तर. वकील दोस्त रविवारी नऊनंतर बसतो. नाव बाहेर जाणार नाही.