‘काहीच घडत नाही’ म्हणणाऱ्यांस

‘यात काहीच घडत नाही’ हा अमेरिकन चित्रपटकार नेथॅनिएल डॉर्स्की यांच्या चित्रपटांवरचा ठरलेला आक्षेप. गोष्ट नाही, नट नाहीत, संवाद नाहीत, संगीत तर नाहीच. सेकंदाला २४ ऐवजी १८ चित्रचौकटी, अशा जुन्या मूकपटांच्या संथ गतीने फीत सरकते. पाने, सावल्या, उन्हाचे कवडसे पडद्यावर येतात आणि जातात. हा आक्षेप आम्हांस मुळीच मान्य नाही. पवित्र साक्रामेंतासमोर तास-तास निःशब्द बसणाऱ्यांनी तो घ्यावा, याचे तर नवलच वाटते. तेथे तरी डोळ्यांना दिसेल असे काय घडते?

सान फ्रान्सिस्को हे डॉर्स्की यांचे शहर. कॅलिफोर्नियातील दीर्घ दुष्काळानंतर २०१६-१७ च्या हिवाळ्यात मुबलक पाऊस झाला. त्यानंतर २०१७ मध्ये, वयाची सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ गोल्डन गेट पार्कमधील वनस्पतिउद्यानात वर्षअखेरपर्यंत कॅमेरा घेऊन जात राहिले. त्यातून ‘आर्बोरीटम सायकल’ ही सात मूकपटांची मालिका झाली. पहिल्याचे नाव ‘एलोहिम’. उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिल्याच वाक्यात देवासाठी आलेला हा हिब्रू शब्द! पुढे एकाचे नाव ‘मोनोडी’, म्हणजे एकट्या कंठातून उमटलेले गीत.

‘झाडे आमच्या वाडीतही आहेत, ती पडद्यावर कशाला पाहायची?’ असे कोणी म्हणेल. आहेत खरी. पण काल सायंकाळी त्यांतील एका तरी पानावर ऊन कसे उतरले, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? एकांतासाठी डोंगर गाठावा लागतो, ही आपली सोयीची समजूत आहे. डॉर्स्की यांना तो शहराच्या सार्वजनिक बागेत सापडला.

२००१ सालच्या एका व्याख्यानातून त्यांचे ‘डिव्होशनल सिनेमा’ हे छोटे पुस्तक सिद्ध झाले. ते २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. विषय धार्मिक असला म्हणजेच चित्रपट भक्तिमय होतो असे नाही, प्रकाश आणि काळ यांना तो कसा वागवतो हे महत्त्वाचे, असा त्यांचा प्रतिपाद्य मुद्दा. हे आपल्याला झोंबायला हवे. आपले भक्तिपट म्हणजे संतांचे चरित्र, आणि कोठे रडायचे ते सांगायला व्हायोलिन. (असे पट आम्हीही डोळे पुसत पाहिले आहेत, त्याची लाज नाही.) परंतु प्रेक्षकाला क्षणभरही एकटे न सोडणारा चित्रपट त्याच्या आत्म्यावर विश्वास तरी कसा ठेवणार?

एका बाबतीत मात्र आम्ही डॉर्स्की यांच्याशी भांडू. आपले चित्रपट १६ मिलिमीटरच्या फितीवरच दाखवावेत असा त्यांचा आग्रह राहिला. दोन चौकटींमधील क्षणिक अंधार हा त्यांच्या कलेचा श्वास आहे, हे आम्ही जाणतो. पण त्यामुळे हे चित्रपट कलासंग्रहालये, विद्यापीठे आणि मोजकी चित्रपटगृहे येथेच अडकून पडतात. चाळीतल्या एका खोलीत सहाजणांसह राहणाऱ्याला, शेजारचा दूरदर्शन संच रात्री अकरापर्यंत ऐकावा लागणाऱ्याला, हा एकांत कोणी दाखवायचा?