पैसे दिसतायत, पण निघत नाहीत!

शनिवारी रात्री साडेअकराला मोबाइल वाजला, तेव्हाच समजायला हवं होतं. इतक्या उशिरा मैत्रिणी दोनच कारणांसाठी फोन करतात. ब्रेकअप, नाहीतर पैसे.

‘अगं, दीड लाख आहेत का तुझ्याकडे? सोमवारी परत देते. नक्की!’

फ्रीलान्सरकडे दीड लाख! मी हसलेच. ती मात्र हसली नाही.

नाव नको, आपण तिला मॅडम म्हणूया. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगला आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा पगार घेते. दोन-अडीच महिन्यांपूर्वी कुणीतरी तिला एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अ‍ॅड केलं. रोज सकाळी शेअरच्या टिप्स, मध्येच कुणा ‘सरां’चं लेक्चर आणि दिवसभर मेंबरांचे स्क्रीनशॉट. आज बारा हजार सुटले, थँक्यू सर! मॅडम महिनाभर नुसती वाचत होती. मग लिंकवरून अ‍ॅप घेतलं (प्ले स्टोअरवरून नव्हे बरं का) आणि दहा हजार टाकले. चार दिवसांत त्याचे अकरा हजार आठशे झाले. खात्री करावी म्हणून तिने ते सगळे काढून पाहिले. बँकेत आले की!

मला भीती वाटते ती या अठराशे रुपयांची. खात्यात जमा झालेला पैसा खोटा कसा म्हणायचा? १९२० मध्ये बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं आमिष दाखवलं, तेव्हा त्यानेही पहिल्यांचे पैसे चोख दिले होते. नंतरच्यांच्या पैशांतून!

तर मॅडमने एकूण तीन लाख ऐंशी हजार टाकले. त्यातले सव्वादोन लाख एका आयपीओचे ‘भरपूर शेअर लागले’ म्हणून. अ‍ॅपवर आकडा दिसत होता अकरा लाख चाळीस हजार. काढायला गेली, तर आधी नफ्यावरचा २० टक्के टॅक्स भरा म्हणे. म्हणजे एक लाख बावन्न हजार. म्हणून मला फोन.

मी रिक्षा पकडून तिच्या फ्लॅटवर गेले. ती सेबीच्या सर्टिफिकेटची पीडीएफ दाखवायला लागली. नंबर खरा होता, फक्त दुसऱ्याच कंपनीचा. मग बँकेचे व्यवहार पाहिले. पैसे गेले होते एका ट्रेडर्सच्या खात्यात, एका एंटरप्रायझेसच्या आणि दोनदा तर चक्क कुणा बाईच्या सेव्हिंगमध्ये. ब्रोकर असा पैसे घेतो होय? १ ऑक्टोबर २०२५ पासून तर सेबीकडे नोंदणी असलेल्यांच्या यूपीआय आयडीत ‘@’नंतर ‘व्हॅलिड’ शब्द असतो, आणि ‘सेबी चेक’वर तो आयडी तपासताही येतो. खऱ्या आयपीओत पैसे आधी कुणाला पाठवायचेच नसतात. ते तुमच्याच खात्यात अडकवून ठेवतात, शेअर लागले तरच कापतात. आणि टॅक्स? तो आपण सरकारला भरतो. आपलेच पैसे सोडवायला आधी टॅक्स भरा, असं कुठला ब्रोकर म्हणत नाही.

तरी मॅडमचा हट्ट, ‘पण शेअर दिसतायत ना गं!’

शेअर ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये राहत नाहीत. ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत, आपल्या डिमॅट खात्यात असतात. मॅडमचं जुनं, खरंखुरं डिमॅट होतं आणि एसआयपी चालू, त्यामुळे दर महिन्याला पॅनवरचं एकत्रित स्टेटमेंट मेलवर यायचं. कधीच न उघडलेलं. (माझंही तसंच पडून आहे, कबूल!) आम्ही गेल्या महिन्याचं उघडलं. एसआयपी होती. शेअर एकही नाही. ती बराच वेळ स्क्रीन खाली-वर करत राहिली.

१९३० वर फोन लाव म्हटलं, तर नको म्हणाली. ‘बाबांना कळेल. ऑफिसात कळेल. टेस्टर आहे मी!’ अर्धा तास यातच गेला आणि मी खरंच चिडले. शेवटचे साठ हजार त्याच दुपारी गेले होते. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला कळलं, तरच ते तिथे रोखून धरता येतात. सव्वाबाराला तिने फोन लावला, व्यवहारांचे नंबर दिले, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार भरली. साठातले एक्केचाळीस हजार रोखले गेले. ते हातात पडायला अजून बरीच कागदपत्रं आहेत. बाकीचे गेले.

तिसऱ्या दिवशी एकाचा फोन, ‘तुमची रक्कम परत मिळवून देतो, फी फक्त आठ हजार.’ हाही बहुधा त्यांच्यातलाच. मॅडमने या वेळी मला विचारलं, हीच काय ती प्रोग्रेस.

काल ती तो ग्रुप पुन्हा पहिल्यापासून चाळत होती. तीन वेगवेगळ्या मेंबरांचे नफ्याचे स्क्रीनशॉट, तिन्हींवर वेळ ३.४२ आणि बॅटरी ६३ टक्के. ‘महिनाभर डोळ्यांसमोर होता गं हा बग,’ म्हणाली. तिन्ही तिने तक्रारीला जोडलेत. बाबांना मात्र अजून सांगितलेलं नाही.